व्हिसा आला, पेढे वाटले, आता फाईल काढा बघू

मार्च जवळ आला की आमचा फोन दिवसभर वाजतो आणि विचारायचं सगळ्यांना एकच असतं, यंदा एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागेल का हो? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडच्या छोट्या आयटी कंपन्यांचं पेरोल आणि एचआर आम्ही बघतो, बरेच मालक आपलेच मराठी, त्यामुळे धाकधूक कळते. पण लॉटरी आपल्या हातात नाही, फाईल आहे, आणि लोक अडकतात ते फाईलमध्येच.

लॉटरीचं पटकन उरकतो. एच-१बीचा, म्हणजे परदेशी तज्ज्ञ कर्मचाऱ्यांच्या कामाच्या व्हिसाचा, कोटा तोच, ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांना २०,००० जादा. एकाच माणसाचं नाव पाच कंपन्यांकडून घालायची युक्ती २०२४ पासून बाद झाली, रजिस्ट्रेशन फी १० वरून २१५ डॉलर झाली, त्यामुळे २०२३ ला साडेसात लाखांच्या वर असलेल्या पात्र नोंदी २०२५ ला साडेतीन लाखांच्या आत आल्या. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नवीन पिटिशन (व्हिसासाठी कंपनीने सरकारकडे करायचा अर्ज) केलं तर १ लाख डॉलर, म्हणून सगळे आता इथे शिकून ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर) असलेली मुलं शोधतायत.

आणि २०२६ पासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे (एक सगळ्यात खालची, चार सगळ्यात वरची) लॉटरीत चिठ्ठ्या, लेव्हल चारला चार, लेव्हल एकला एक. इथेच मोह होतो बघा. नंबर लागावा म्हणून लेव्हल वरची टाकायची आणि काम मात्र फ्रेशरचं द्यायचं, असलं कृपया करू नका, कारण एलसीएवर (पगार आणि कामाची जागा लिहून कामगार खात्याला द्यायचा अर्ज) जो पगार लिहिला तो दर महिन्याला पेस्टबवर, म्हणजे पगाराच्या स्लिपवर, दिसावा लागतो, प्रोजेक्ट संपून माणूस बेंचवर बसला तरीसुद्धा. ‘काम नाही तर पगार कसला’ हे एच-१बीत चालत नाही. वकिलाची फीसुद्धा कंपनीनेच भरायची, नंतर हप्त्याहप्त्याने कर्मचाऱ्याकडून वळती करून घेतली तरी ते पकडलं जातं.

दुसरी दुखरी जागा म्हणजे पत्ता. आमच्या एका क्लायंटचा डेव्हलपर बायकोच्या नोकरीपायी डॅलसला गेला, घरूनच काम करतोय तर काय फरक पडतो म्हणून कोणी आम्हाला कळवलंच नाही, सहा महिन्यांनी पेरोलमध्ये टेक्सासचा पत्ता दिसला तेव्हा आमचीच झोप उडाली. शहर बदललं, रोज ये-जा करण्याच्या अंतराबाहेर गेलं, की आधी नवीन एलसीए आणि सुधारित पिटिशन, मग बॅग भरायची. २०१५ पासून हे स्पष्ट आहे. जानेवारी २०२५ च्या नियमाने तर इमिग्रेशन खात्याचे तपासनीस क्लायंटच्या ऑफिसात आणि घरून काम असेल तर घरीही येऊ शकतात, आणि सहकार्य नाही केलं तर पिटिशन रद्द होऊ शकतं. आले तर घाबरून दार लावू नका, ओळखपत्र मागा, वकिलाला फोन लावा, माहीत आहे तेवढंच खरं सांगा.

बाकी छोटं पण चुकतं ते: एलसीए भरल्यावर एका कामाच्या दिवसात पब्लिक ॲक्सेस फाईल (मागेल त्याला दाखवायची एलसीएच्या कागदांची फाईल) तयार हवी, आणि कर्मचारी रुजू झाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कागद बघून आय-९ (इथे काम करायचा हक्क तपासायचा फॉर्म) पूर्ण, मग तो सिटीझन का असेना.

आम्ही वकील नाही, पिटिशन तुमचा वकीलच करणार. पण एप्रिलच्या आत सगळ्या एच-१बी कर्मचाऱ्यांचे आत्ताचे पत्ते आणि शेवटचे तीन पेस्टब आम्हाला पाठवा, एलसीएशी जुळवून बघतो, पेरोल क्लायंटला याचे वेगळे पैसे नाहीत.