खानदेशातील घरगुती कीडनियंत्रण

घरात, साठवलेल्या धान्यात, लाकडात आणि पाण्यात होणाऱ्या किडींना, तसेच उंदीर-विंचवांना वर्षभर आळा घालण्याच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील रीती. या भागात शेतमाल घरात येतो तेव्हा शेतातली कीडही त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडते. मुगाच्या दाण्यावर भुंगेऱ्याची अंडी असतात, कापसात बोंडअळी असते, पऱ्हाट्यांच्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या भाऱ्यात विंचू असतो. त्यामुळे घर राखायचे काम फवारणीच्या कितीतरी आधी, माल आत घेतानाच सुरू होते. ज्या घरात हे काम वेळेवर होते तिथे विषारी औषधाची गरज क्वचित पडते.

धान्य : तापी खोऱ्यातला उन्हाळा सोसायला कठीण, मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. धान्य राखायला मात्र याच उन्हासारखे दुसरे साधन नाही, आणि ते फुकट मिळते. वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी चैत्र-वैशाखात भरण्याची चाल त्यामुळेच टिकून आहे. धान्यातील बहुतेक किडे व अळ्या ५० अंशांपुढे फार वेळ तग धरत नाहीत. तापलेल्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर धान्य बोटभर जाडीने पसरले की दुपारी एवढी उष्णता सहज मिळते. थर जाड झाला तर वरचे दाणे भाजतात आणि खालचे किडे जगतात, म्हणून मधूनमधून हात फिरवावा लागतो.

उन्हातून काढलेला गहू गरमच कोठीत भरण्याची चूक बऱ्याच घरांत होते. रात्री कोठीचा पत्रा गार पडतो, आतल्या उष्ण हवेतले बाष्प त्याच्या अंगावर धरते, आणि कडेचे धान्य ओलसर होऊन तिथूनच बुरशी व कीड सुरू होते. धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे आणि मगच झाकण लावावे. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असला पाहिजे. घरात त्याची परीक्षा दातांनी होते: दाणा कडक आवाज करून फुटला तर भरायला हरकत नाही, दबला तर आणखी एक-दोन उन्हे द्यावीत.

सोंड्याची, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या सोंडवाल्या किड्याची, मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. म्हणून चाळून, निवडून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही महिनाभराने सोंडे चालू लागतात. ते बाहेरून आलेले नसून भरतानाच आत असतात. खापरा किडा याहून चिवट आहे. उष्ण, कोरडे हवामान त्याला मानवते आणि त्याच्या केसाळ अळ्या बारदानाच्या शिवणीत किंवा भिंतीच्या फटीत अन्नाविना दीर्घकाळ निपचित राहू शकतात. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत. नवीन गहू जुन्या गव्हावर ओतणे तर कटाक्षाने टाळावे. कोठी रिकामी करून पुसून, उन्हात तापवून घेतली नाही तर वर केलेली सारी मेहनत वाया जाते.

कडधान्याची गोष्ट वेगळी. मूग-उडीद भाद्रपदाच्या सुमारास घरात येतात, तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि शेंगेवर घातलेल्या अंड्यांमुळे भुंगेरा शेतातूनच सोबत आलेला असतो. किलोला सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळले की दाण्यावरची अंडी गुदमरतात आणि नवी अंडी नीट चिकटत नाहीत. मुगाला चाळलेली राख लावण्याची जुनी रीतही अशीच उपयोगी आहे, कारण बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते व किड्याला हालचाल करू देत नाही. तूर अखंड ठेवण्यापेक्षा तिची डाळ करून ठेवणे सुरक्षित. भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा, टरफलाचा दाणा लागतो. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे पीठ मात्र लागेल तेवढेच दळून आणावे, पावसाळ्यात त्यात लवकर जाळी धरते.

कडुनिंबाचा पाला घरोघरी वापरतात. तो सावलीत खडखडीत वाळलेला असेल तर किडीला थोडेफार दूर ठेवतो, पण लागलेली कीड मारत नाही; ओला पाला टाकला तर धान्यात ओल शिरून उलटाच परिणाम होतो. बोरिक भुकटी धान्यात मिसळण्याची सवय मात्र सोडायला हवी. गहू सहसा न धुता दळला जातो आणि ती भुकटी थेट पोळीत उतरते.

घरात साठवलेला कापूस : खानदेशाबाहेरच्या वाचकाला हा विषय नवा वाटेल, पण या प्रदेशातल्या घरातील किडीचा सर्वांत त्रासदायक प्रकार कदाचित हाच आहे. दिवाळीपासून वेचणी सुरू होते. भाव मनासारखा नसला की शेतकरी कापूस विकत नाही, आणि गोदाम नसल्याने तो पडवीत, माडीवर, कधी झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचला जातो. महिन्यामागून महिने जातात. कापसात राहिलेल्या गुलाबी बोंडअळ्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीवर्गीय जीव वाढतात. ते माणसाला चावले की अंगावर लाल पुरळ उठते आणि असह्य खाज सुटते. लहान मुलांना रात्रभर झोप लागत नाही. मलम लावून तात्पुरते बरे वाटते, पण कापूस तिथेच असेपर्यंत खाज परत येते.

यावर कापसाच्या ढिगावर कीटकनाशक फवारणे हा उपाय करू नये; त्याची वाफ त्याच खोलीत झोपणाऱ्यांच्या श्वासात जाते. कापूस राहत्या खोलीतून वेगळ्या, हवेशीर जागी हलवणे, तो पूर्ण वाळवूनच साठवणे, कवडीचा म्हणजे कीडका कापूस वेचतानाच वेगळा ठेवून आधी विकणे आणि ढिगात हात घातल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुणे, एवढे केले तर त्रास बराच घटतो. भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. गावपातळीवर साठवणुकीची जागा मिळाली तर हा आजार घरात शिरणारच नाही. ढिगात उंदीरही घर करतात आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच.

पऱ्हाट्या : कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून जळणासाठी घराच्या भिंतीला लावून रचतात. त्या ढिगात विंचू, उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. शिवाय अळ्या-कोष त्यात सुप्तावस्थेत राहून पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जातात. ढीग घरापासून दूर, दगडांवर उचलून ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी संपवावा. लाल विंचू दंशानंतर हृदयावर परिणाम करतो, मुलांना त्याचा धोका जास्त. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला आणि मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. दंशानंतर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. झुरळे हे विंचवाचे आवडते खाद्य असल्याने मोरी व स्वयंपाकघरातील झुरळे हटवली की विंचवाचे येणेही कमी होते. झुरळांसाठी कोपऱ्यात जेलचे ठिपके लावणे फवाऱ्यापेक्षा परिणामकारक ठरते. अंड्यांच्या कोषापर्यंत फवारा पोहोचत नाही.

पाणी आणि डास : खानदेशातील अनेक शहरांत व गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्यामुळे टाक्या, पिंप, रांजण भरलेले राहतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, तर शहरी हिवतापाचा डास गच्चीवरच्या टाकीत. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो तो या हिशेबाने. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही: एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने जिवंत राहतात. कडा घासल्याच पाहिजेत. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या टाकीत पाणी तसेच राहते आणि पहिल्या पावसाबरोबर डास वाढतात. कूलर बंद करताना टाकी रिकामी करून वाळवावी. ज्या हौदाचे पाणी काढता येत नाही त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात.

घराची बांधणी : जुन्या धाब्याच्या म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांत सऱ्या-खांबांवर (लाकडी तुळया व खांब) किलचांचा म्हणजे लाकडाच्या फळकाट्यांचा थर आणि वर खारी माती असते. पावसाळ्यात ही माती गळू लागली की लाकूड ओले होते आणि वाळवी चढते. सातपुड्याचे साग टिकते, हलके लाकूड पोखरले जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यामुळे ओट्याला व पायाला तडे जातात आणि वाळवी-मुंग्यांना वाट मिळते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की त्या नुसत्या पुसून भागत नाही, मूळ जमिनीत असते. नवे घर बांधताना पायातच वाळवीरोधक प्रक्रिया करणे सर्वांत स्वस्त पडते. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील कुडाच्या घरांत बांबूला भुंगा लागतो, त्याला बांबूतले पिठूळ हवे असते. बांबू काही आठवडे पाण्यात भिजवून मग वापरल्यास तो जास्त टिकतो.

सणांचे वेळापत्रक : घर झाडून-सारवून, चुना देऊन काढण्याचा मोठा प्रसंग दिवाळीचा, पण खानदेशात त्याआधी श्रावणात कानबाई या देवीचा उत्सव येतो. कानबाई घरात बसायची म्हणून भिंती रंगवल्या जातात, अंथरूण-पांघरुणे धुतली जातात, फडताळे रिकामी होतात. नागपंचमीनंतरचा हा काळ भर पावसाचा, म्हणजे कसर, झुरळे आणि ढेकूण वाढण्याचा. या सफाईने किडीच्या वाढीला ऐन वेळी खीळ बसते. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येण्याआधी गाद्या-गोधड्या उन्हात टाकतात, तेही ढेकणांवर चांगले लागू पडते.

उंदीर आणि विषे : सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा तिथे कामाला गेलेली अनेक खानदेशी कुटुंबे घाईने गावी परतली. उंदीर आणि पिसवा हा विषय त्या वेळी इथल्या घराघरांत गांभीर्याने बोलला गेला. उंदरांसाठी पिंजरा व बिळे काचतुकडे-सिमेंटने बुजवणे हे पहिले उपाय. आमिष वापरायचेच तर ब्रोमाडायोलोनचे. ते रक्त गोठू देत नाही, आणि चुकून पोटात गेल्यास जीवनसत्त्व ‘के’ हा उतारा डॉक्टर देऊ शकतात.

गव्हात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना मात्र असा उतारा नाही. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसे त्याने दगावतात. या गोळ्यांची विक्री कायद्याने मर्यादित आहे. त्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. कपाशीवर फवारायची औषधे ढेकूण, उवा किंवा वाळवीसाठी घरात वापरणे तितकेच घातक आहे, आणि कापूसपट्ट्यात अशी बाटली हाताशी असल्याने तो मोह जास्त. डब्यावरचा लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य औषध दाखवतो. विषबाधेची शंका आल्यास डबा बरोबर घेऊनच दवाखान्यात जावे, म्हणजे उपचार ठरवायला वेळ लागत नाही.