'स्को' नावाचं शहर, आणि दहा स्पेसची गोष्ट

एका क्लायंटच्या बिलांवर ग्राहकाचं शहर गायब व्हायला लागलं. सगळ्या बिलांवर नाही हां, एकाच प्रोग्राममधून निघणाऱ्या. बोस्टन, डॅलस असली शहरं तर पूर्णच कोरी, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बिलावर शेवटचं नुसतं 'स्को' उरलेलं. त्या प्रोग्रामला कित्येक वर्षं कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे आधी सगळ्यांनी प्रिंटरला शिव्या घालून घेतल्या.

मशीन एएस-४००, म्हणजे आयबीएमचा धंद्याच्या कामाचा कॉम्प्युटर, भाषा आरपीजी. १९५९ मध्ये आयबीएमच्या १४०१ मशीनसाठी रिपोर्ट छापायला आलेली ही भाषा, १९८८ मध्ये एएस-४०० आलं त्याच्यावरही ती चालली आणि आजही बँका, गोदामं, विमा असल्या ठिकाणी मुकाट्याने चालतेय. लोक तिला म्हातारी म्हणतात, म्हणू देत.

तर झालेलं असं की ग्राहकाचं नाव आणून देणारी एक प्रोसिजर (नाव घेऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा) होती आणि ती बऱ्याच प्रोग्राममधून कॉल व्हायची. आता आरपीजीमध्ये पॅरामीटर (प्रोसिजरला द्यायची माहिती) पाठवताना, वेगळं काही सांगितलं नसेल तर, डेटा जात नाही, मेमरीतला पत्ता जातो. म्हणजे 'या खोलीत नाव ठेव' एवढंच सांगायचं, खोली किती मोठी आहे ते कॉल झालेल्याने आपापलं समजून घ्यायचं. नावाची लांबी कोणीतरी २० वरून ३० केली. या जुन्या प्रोग्रामच्या खोलीत जागा २० चीच, आणि पुढे त्याच डेटा स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत एकापुढे एक मांडलेल्या रकान्यांच्या गटात) खेटून शहर. प्रोसिजरने आपली ३० अक्षरं लिहिली, त्यातल्या शेवटच्या दहा स्पेस शहराच्या पहिल्या दहा अक्षरांवर जाऊन बसल्या. सॅन फ्रान्सिस्कोचं इंग्रजी स्पेलिंग स्पेस धरून १३ अक्षरांचं, दहा गेली, उरली तीन!

यात एरर कुठेच येत नाही हीच खरी पंचाईत. पॅक्ड आकडा असता तर बरं झालं असतं, कारण त्यात अर्ध्या बाइटला एक अंक आणि शेवटच्या अर्ध्यात चिन्ह असतं, चुकीच्या लांबीने वाचलं की चिन्ह अंकाच्या जागी येतं आणि सिस्टिम बहुतेक वेळा डेसिमल डेटा एरर देऊन ओरडते. अक्षरं बिचारी ओरडत नाहीत.

हे टाळायला प्रोटोटाइप असतो. प्रोसिजरचं नाव, तिला कोणते पॅरामीटर लागतात, किती लांबीचे, परत काय देते, एवढंच लिहिलेलं डिक्लेरेशन. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, प्रत्येक कॉल त्याच्याशी ताडून बघतो. पण आमच्याकडे कोणीतरी हा प्रोटोटाइप त्या प्रोग्राममध्ये कॉपी-पेस्ट केलेला होता, त्यात अजून २० च लिहिलेलं, त्यामुळे कंपायलरच्या दृष्टीने सगळं आलबेल. प्रोटोटाइप वेगळ्या मेंबरमध्ये (म्हणजे कोडच्या फाइलमध्ये) एकदाच लिहायचा आणि जिथे लागेल तिथे स्लॅश-कॉपी या सूचनेने ओढायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, करायच्या वेळी मात्र 'एकच तर आहे' म्हणून पेस्ट होतं.

पण याच्या पुढची अर्धी गोष्ट फार जण विसरतात. ज्या मॉड्यूलमध्ये (एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडमध्ये) प्रोसिजर स्वतः लिहिलेली आहे, त्यातही तोच कॉपी मेंबर आणायचा. मग लांबी फक्त एका बाजूला बदलली तर ते मॉड्यूल कंपाइलच होत नाही, तिथल्या तिथे पकडलं जातं. पूर्वी कंपायलर मॉड्यूलमध्येही प्रोटोटाइप मागायचाच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ७.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, प्रोसिजर त्याच मॉड्यूलमध्ये असेल तर तो लिहिला नाही तरी चालतो. आतल्या आत वापरायच्या छोट्या प्रोसिजरना ही सूट छान आहे, पण बाहेर एक्सपोर्ट होणाऱ्यांनाही, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरायला खुल्या असलेल्यांनाही, लोक ती लावतात आणि कुलूपच काढून टाकतात. आणि सर्व्हिस प्रोग्रामची (अशा खुल्या प्रोसिजर एकत्र ठेवलेल्या प्रोग्रामची) सिग्नेचर, म्हणजे त्याची ओळखखूण, वाचवेल या भरवशावर तर अजिबात राहू नका, ती एक्सपोर्टची नावं आणि क्रम बघते, पॅरामीटरची लांबी तिच्या गावीही नसते.

मग कॉपी मेंबर किती करायचे? सगळे प्रोटोटाइप एकाच मेंबरमध्ये कोंबले की एक ओळ बदलली तरी कोणाकोणाला पुन्हा कंपाइल करायचं ते कळत नाही. प्रत्येक प्रोसिजरला वेगळा मेंबर केला तर दहा अक्षरांच्या मर्यादेत नावं सुचत नाहीत. मी एका सर्व्हिस प्रोग्रामला एक मेंबर ठेवतो, त्याच्याच नावाचा, आणि त्या प्रोसिजरना लागणारे टेम्प्लेट (रकान्यांचे साचे) नि कॉन्स्टंटही (न बदलणाऱ्या किमती) त्यातच. वर 'हे आधीच आलंय का' अशी इफ-डिफाइन्डची अट, म्हणजे दोनदा ओढला गेला तरी कंपायलर 'डुप्लिकेट' म्हणून रडत नाही. नवा पॅरामीटर लागलाच तर शेवटी, नो-पास ऑप्शन (तो पाठवला नाही तरी चालेल असा) लावून, आणि प्रोसिजरमध्ये किती पॅरामीटर आले ते मोजूनच त्याला हात लावायचा, मग जुने प्रोग्राम न छेडता चालतात.

त्या बिलाच्या प्रोग्राममधून पेस्ट केलेल्या सात ओळी काढल्या, एक स्लॅश-कॉपीची ओळ घातली, कंपाइल केलं, तर लगेच एरर आला: पॅरामीटरची लांबी जुळत नाही.