काढलेलं अपेंडिक्स निरोगी निघतं तेव्हा

सर्जन मंडळींत एक हिशेब वर्षानुवर्षं मान्य होता: काढलेल्या शंभरातली पंधरा-वीस अपेंडिक्स निरोगी निघाली तरी चालतील, पण पोटात एकही फुटायला नको. स्कॅन हाताशी नव्हते तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. पण निरोगी अपेंडिक्स काढतानाही भूल द्यावी लागते, जखम चिघळू शकते, पुढे आतडी एकमेकांना चिकटू शकतात.

निदान चुकतं, कारण दुखणं सुरू होतं भलतीकडेच. अपेंडिक्सच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचतात त्या बेंबीच्या पातळीवर, म्हणून आधी बेंबीभोवती दुखतं. सूज पोटाच्या अस्तराला भिडली, की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेलं असेल तर तेही नीट कळत नाही. त्यात बीजकोशाला पडलेला पीळ, गर्भनलिकेतला गर्भ, मूतखडा, लहान मुलांत पोटातल्या सुजलेल्या गाठी, ही सगळी मंडळी अपेंडिक्सचं सोंग घेतात. तरुण स्त्रियांमध्ये चूक जास्त होते ती यामुळेच.

1986 मध्ये सर्जन अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी निदानासाठी दहा गुणांची पद्धत मांडली. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि रक्तात पांढऱ्या पेशी वाढणं यांना प्रत्येकी दोन गुण. सरकलेलं दुखणं, भूक मरणं, मळमळ, ताप वगैरे सहा गोष्टींना एकेक. चार किंवा कमी गुण असतील तर अपेंडिसायटिसची, म्हणजे अपेंडिक्सला सूज असण्याची, शक्यता बरीच कमी होते. मात्र जास्त गुण मिळाले म्हणून निदान पक्कं झालं असं नाही. खरी अडचण मधल्या गुणांच्या रुग्णांची, आणि स्कॅनचा सर्वाधिक उपयोगही त्यांनाच.

सोनोग्राफीत सहा मिलिमीटरहून जाड आणि दाबूनही न चेपणारं अपेंडिक्स दिसलं तर संशय बळावतो. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं असेल, तर त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नव्हे! नातेवाईक इथे हमखास फसतात. सीटी स्कॅन अधिक अचूक, पण त्यात किरणोत्सर्ग असतो. म्हणून मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय.

एवढं करूनही शंका उरली आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असली, तर त्याला दाखल करून काही तासांनी त्याच डॉक्टरांनी पोट पुन्हा तपासावं. तोवर त्याला कळा सोसत ठेवायचं कारण नाही. वेदनाशामकानं निदान झाकलं जातं ही जुनी भीती चाचण्यांत खरी ठरलेली नाही.