खुर्चीतून उठताना

सत्तरी ओलांडलेलं, अंगाने जाड असलेलं घरातलं माणूस खुर्चीतून कसं उठतं, ते एकदा नीट पाहा. आधी पुढे सरकायचं, पाय मागे ओढून घ्यायचे, दोन्ही हात रेटायचे, एक-दोनदा झोका घ्यायचा आणि मग कुठे उभं राहायचं. आपण म्हणतो, ‘वजन वाढलंय ना!’ वजन डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी जातो. मांडीत स्नायू किती उरलाय, हे मात्र कुणालाच दिसत नाही.

वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद घटत जाते, त्याला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलेला हा शब्द ग्रीक आहे: ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘पेनिया’ म्हणजे उणीव. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर आणखी वेगाने. त्यातच चरबी वाढली, की ती ‘सार्कोपेनिक ओबेसिटी’. वजनकाटा इथे हमखास फसवतो. चार किलो स्नायू गेला आणि चार किलो चरबी आली, तर काटा जागचा हलत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

ही दोन दुखणी नुसती शेजारी शेजारी राहत नाहीत, एकमेकांना पोसतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने उचलून घेण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूंचं. ते घटले की साखर रक्तातच रेंगाळते, मधुमेहाचा धोका वाढतो. पोटातली चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडते, त्यांनी स्नायूंची झीज वाढते. थोडी चरबी तर थेट स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरते. मग मांडी बाहेरून भरलेली दिसते, पण आतून पोकळ. चालणं जड जातं, म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिला की स्नायू आणखी घटतो आणि चरबी आणखी साठते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पडण्याची. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटकन आकसणारे तंतू. ठेच लागली की क्षणात दुसरा पाय पुढे टाकून शरीर सावरणारे हेच. ते दुबळे, वरून सावरायचं वजन जास्त. पाय उशिरा पडतो आणि तेवढ्यात माणूस खाली.

ताकद जोखायची एक चाचणी अगदी साधी आहे. हात छातीवर घडी करून, आधार न घेता खुर्चीतून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर तपासणी करून घ्यावी. तोल जात असेल, तर शेजारी कुणीतरी उभं हवंच.

अशा वेळी ‘जेवण कमी करा’ एवढाच सल्ला देणं मला धोक्याचं वाटतं. नुसत्या उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि उतारवयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६० स्थूल ज्येष्ठ होते. त्यांतल्या, कमी खाण्याबरोबर व्यायामही करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. पण फक्त चालण्यासारखा दमाचा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्क्यांनी घटलं, दमाच्या व्यायामाला वजन उचलण्याची जोड देणाऱ्यांचं ३ टक्क्यांनी. हालचालींतली सुधारणाही या जोडगटातच सर्वाधिक होती. सोबत पुरेशी प्रथिनं लागतात: निरोगी ज्येष्ठांना शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

‘आता या वयात कसला व्यायाम’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करून घेतला होता. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. आणि सुरुवातीला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एक जण, शेवटी, हात न टेकता उठला.