शारीरिक कस पाहणारे खेळ

हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे आणि मज्जासंस्था यांना सहनशक्तीच्या टोकापर्यंत नेणारे क्रीडाप्रकार. ताकद, दम आणि काटकपणा हे तीन शब्द मराठीत आपण वेगळे ठेवतो, ते फार योग्य आहे. एकदाच लावायचा जोर म्हणजे ताकद, तो जोर पुन्हापुन्हा लावत राहणे म्हणजे दम आणि मार, ऊन, थंडी, उपास सोसूनही उभे राहणे म्हणजे काटकपणा. ‘सर्वांत कठीण खेळ कोणता?’ या प्रश्नावर रंगणारे बहुतेक वाद या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे होतात.

ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने २००४ मध्ये तज्ज्ञांकडून ६० खेळांना गुण देववले होते. दम, ताकद, वेग, चपळाई, लवचीकपणा, धैर्य, मार सोसण्याची तयारी, हात-डोळ्यांचा मेळ अशा दहा कसोट्या होत्या. मुष्टियुद्ध पहिले आले, आइस हॉकी दुसरी, कुस्ती पाचवी आणि मासेमारी शेवटची. ही यादी आजही सर्वत्र फिरते. मात्र दहा गुणांची बेरीज केली की सगळ्यांत बऱ्यापैकी असलेला खेळ वर सरकतो आणि एकाच बाबतीत शरीराला पार पिळून काढणारा खेळ मागे राहतो.

दम मोजायचे प्रयोगशाळेतले माप म्हणजे कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता. शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते, ते यातून कळते. व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी तरुणात हा आकडा साधारण ३५ ते ४५ असतो. बर्फावरून लांब पल्ल्याचे स्कीइंग करणाऱ्या अव्वल पुरुष खेळाडूंमध्ये तो ८०च्या पुढे जातो. नॉर्वेच्या ब्योर्न डेली याच्या नावावर तर ९६ हा आकडा सांगितला जातो. कारण सरळ आहे. धावताना मुख्य काम पायांचे असते, या स्कीइंगमध्ये पाय, कंबर, पाठ, दंड सगळेच एकदम राबतात आणि त्या सगळ्यांना रक्त पुरवायचे काम एकट्या हृदयाचे. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरची शर्यत जिंकून अंतिम रेषा ओलांडताच डेली बर्फात कोसळला. या खेळात शर्यत संपली की खेळाडू एकामागून एक बर्फावर आडवे होतात, त्याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही.

पाण्यावर हीच जात रोइंगची. ऑलिंपिक शर्यत २००० मीटरची, एकट्याच्या नावेला पावणेसात मिनिटांच्या आसपास लागतात. पाहणाऱ्याला हा हातांचा खेळ वाटतो, पण जोराचा मोठा भाग मांड्यांतून येतो. बैठक सरकती असते, गुडघे छातीशी आणून पायांनी रेटा द्यायचा, मग पाठ, शेवटी हात. असे दोनशेहून अधिक वेळा. सुरुवातीच्या मिनिटातच स्नायूंत लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणारे द्रव्य) साचू लागते, म्हणजे एरवी धावपटूला शेवटच्या टप्प्यात येणारी मांड्यांची आग इथे आरंभालाच लागते आणि तिच्यासकट उरलेले अंतर कापायचे असते. शिवाय थकल्यावर वल्हे वाकडे पडून चालत नाही. ते चुकीच्या कोनात पाण्यात गेले तर नाव थबकते.

महाराष्ट्राला हा खेळ दत्तू भोकनळ याच्यामुळे माहीत झाला. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव, भाग दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची कामे केलेला हा मुलगा सैन्यात गेला आणि तिथे रोइंगकडे वळला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो तेरावा आला. २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पालेम्बांगला आजारी अंगाने एकेरीची शर्यत संपवल्यावर त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत बसून त्याने स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह सुवर्णपदक मिळवले. या खेळात शरीर किती रिते होते आणि माणूस कसा पुन्हा उभा राहतो, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

काही खेळांत तीव्रतेपेक्षा कालावधी शरीराला मारतो. टूर द फ्रान्स ही १९०३ पासूनची सायकल शर्यत तीन आठवडे चालते. २१ टप्पे, सुमारे ३४०० किलोमीटर, मध्ये विश्रांतीचे जेमतेम दोन दिवस. डोंगरी टप्प्यांवर स्पर्धक दिवसाला सहा हजार कॅलरींहून जास्त खर्च करतात, म्हणून सायकलवर बसूनच सतत खावे लागते. ज्याला खाल्लेले पचवता येत नाही, तो पाय कितीही भक्कम असले तरी मागे पडतो. आयर्नमॅन स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, सगळे एकाच दिवसात. वॉटरपोलोत, म्हणजे पोहत पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळात, खेळाडूला तळाला पाय टेकवायला मनाई असते. आठ-आठ मिनिटांचे चार डाव पाणी मारत राहायचे आणि त्यातच प्रतिस्पर्ध्याशी झोंबायचे. मुष्टियुद्धाची व्यावसायिक लढत तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांपर्यंत जाते. तिथे दमाबरोबर मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचा हिशेब येतो आणि तो धक्का कोणत्याही सरावाने पचत नाही.

कुस्तीपाशी मात्र थांबायला हवे, कारण मोजमापांचा अपुरेपणा इथे उघडा पडतो. निरनिराळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याचे एक प्रमाणित कोष्टक संशोधक वापरतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट धरायचा आणि बाकीचे त्याच्या पटीत सांगायचे. २०११च्या आवृत्तीत रिंगणातल्या मुष्टियुद्धाला १२.८ मेट आहेत, क्रिकेटला ४.८ आणि कुस्तीला फक्त ६. ज्याने एकदा तरी लाल मातीत पाच मिनिटे झुंज घेतली आहे, त्याला हा आकडा पटणार नाही. यात गफलत अशी की असली कोष्टके मुख्यतः प्राणवायूवर चालतात. कुस्तीत बराच वेळ हालचाल दिसतच नाही. दोघे मनगटे धरून, डोके डोक्याला लावून उभे असतात, लांबून ते विसावलेच आहेत असे वाटते. प्रत्यक्षात पूर्ण जोराने आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, रक्तदाब चढतो, आणि पोटऱ्या व कोपराखालचे हात दगडासारखे भरून येतात. हा ताण श्वास मोजून पुरता कळत नाही. दुसरे असे की डोंगर किंवा पाणी तुमच्या चुकीची वाट पाहत बसत नाही. समोरचा पैलवान मात्र तुमचा श्वास कधी फुटतो तेच पाहत असतो आणि नेमक्या त्या क्षणी पट काढतो, म्हणजे झडप घालून पाय धरतो.

तालमीतली मेहनत या सगळ्यासाठीच असते. पहाटे हौद्यातली माती फावड्याने खणून भुसभुशीत करायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती माती जड असते, ती खणणे हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका आणि त्यानंतर लढती. वस्ताद ताज्या दमाचा जोडीदार एकामागून एक अंगावर घालत जातो, थकलेल्याला बसू देत नाही. वर्षानुवर्षे घासून चुरगळलेले कान ही या मेहनतीची सर्वांना दिसणारी खूण. पूर्वीची निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, घड्याळ नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाने अशा कितीतरी लढती पाहिल्या. आजची ऑलिंपिक कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आहे. वेळ घटला, पण वेग इतका वाढला की दम वाचवून ठेवायची सोयच राहिली नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या लांबलचक लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हसमोर उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. पुढे इशीईला सुवर्ण आणि ममदबेयोव्हला रौप्य मिळाले. मधला तो अर्धा तास मिळता तर काय झाले असते, हा विचार आजही मनाला चटका लावतो.

कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध यांत वजनगट असल्याने आखाड्याबाहेरचा एक छळही खेळाचा भाग बनतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधीच्या रात्रीत सुमारे साडेचार किलो वजन उतरवले. त्याच स्पर्धेत विनेश फोगटचे वजन अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोहून १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद ठरली. घाम, उपास, रात्रभर धावणे, घोटभर पाणीही नाही, हे सगळे करून मग लढायचे असते. कोणत्याही कोष्टकात याची नोंद नाही.

आपल्या हुतुतूमध्ये तर दम हाच नियम होता. चढाई करणाऱ्याने एका श्वासात शब्द घोकत समोरच्या अंगणात जायचे, गडी बाद करायचे आणि दम तुटायच्या आत परतायचे. श्वास बाहेर जात असतानाच पकड सोडवण्यासाठी सगळा जोर लावायचा असल्याने हे साध्या धावण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते. कबड्डीच्या आजच्या नियमांत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. जुन्या खेळाडूंना घड्याळाची गरज नव्हती. पकडलेल्या गड्याच्या छातीवर चढून बसलेले चौघे फक्त त्याचा आवाज थांबण्याची वाट पाहत.