बंबाचा धूर दिसायचा, गिझरचा दिसत नाही

आजोळी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असायचा. गोवऱ्या आणि करवंट्या पेटल्या की अंगणभर धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे आणि माणसं आपसूक लांब सरकायची. आता तोच जाळ आपण गॅस गिझर म्हणून चार बाय सहाच्या बाथरूममध्ये भिंतीला टांगतो आणि थंडी वाजते म्हणून खिडकीही लावून घेतो.

जरा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आठ फूट उंचीच्या त्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. शिवाय ती संपेपर्यंत थांबावं लागतच नाही. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पाठोपाठ चौघांच्या अंघोळी झाल्या तर सगळ्यात वाईट हवा शेवटच्याच्या वाट्याला येते.

या वायूला रंग नाही, वासही नाही. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा; तो तर ज्योतीत जळून जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी हाताच्या अंतरावर असते, पण हात उचलत नाही. कुणाला झटके येतात आणि घरच्यांना वाटतं, फीट आली.

कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी निर्धास्त राहू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि दवाखान्यात नेऊन काय घडलं ते स्पष्ट सांगा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास.

माझं मत विचाराल तर गॅस गिझरची जागा बाथरूममध्ये नाहीच. बाल्कनीत किंवा बाहेरच्या उघड्या डक्टमध्ये बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. ते होईपर्यंत बादली भरून गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला बसायचं. एक्झॉस्ट फॅन लावला की काम झालं असं समजू नका. दाराखालून हवा आत यायला जाळी नसेल तर तो गिझरचा जळका वायू उलटा खोलीतच ओढू शकतो. निळी ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली, तर त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवा.

आणि कडी अशी बसवून घ्या की बाहेरूनही उघडेल. आजी पाय घसरून पडली किंवा नातवाने आतून कडी लावून घेतली, तरी तीच उपयोगी पडते.