कोकम : लागवड आणि अभिवृद्धी

कोकम (गार्सिनिया इंडिका; कुल : क्लुसिएसी) हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या आणि त्याखालच्या किनारपट्टीतल्या दमट जंगलांचा सदाहरित वृक्ष आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याच्या फळाला रातांबा, गोव्यात भिरंड, तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मुरुगल आणि पुनर्पुळी म्हणतात. वाळवलेल्या सालीचे नाव आमसूल किंवा सोल. मँगोस्टीन आणि केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी ही याच गार्सिनिया प्रजातीतील झाडे आहेत. कोकण, गोवा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड आणि कोडगूपासून केरळापर्यंत हे झाड रानात आपोआप उगवते. परसात आणि कुळागरात ते पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहे. मात्र आंबा-काजूप्रमाणे आखीव बागांचे पीक म्हणून त्याच्याकडे पाहण्यास सुरुवात होऊन फार काळ लोटलेला नाही. या उशिराचे मुख्य कारण झाडाच्या प्रजननाच्या रीतीत सापडते आणि लागवडीची बहुतेक तंत्रे त्या एका अडचणीभोवती घडलेली आहेत.

झाड साधारण 10 ते 15 मीटर उंच वाढते. मधला सोट, म्हणजे मुख्य खोड, सरळ वर जातो आणि त्याला ठरावीक अंतरावर आडव्या, टोकाशी खाली झुकणाऱ्या फांद्या फुटतात, त्यामुळे बीजापासून वाढलेल्या झाडाचा आकार दुरूनही शंकूसारखा ओळखू येतो. पाने समोरासमोर, गर्द हिरवी आणि चकचकीत असतात, कोवळी पालवी तांबूस असते आणि सालीला खाच दिल्यास पिवळसर चीक येतो. फळ गोल, पिकल्यावर लाल ते गडद जांभळे, आणि त्यात पांढऱ्या आंबटगोड गरात साधारणपणे पाच ते आठ बिया असतात. पिवळ्या किंवा पांढुरक्या फळांची झाडेही क्वचित आढळतात.

कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. नर फुले पानांच्या बगलेत व फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात आणि त्यांत पुंकेसरांची दाटी असते, तर मादी फुले बहुधा एकेकटी किंवा थोडी असतात आणि त्यांत मधोमध गोल, हिरवट बीजकोश ठळक दिसतो. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची किंवा द्विलिंगी फुले येण्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत, परंतु बागायतदाराने हिशेब धरायचा तो दोन स्वतंत्र झाडांचाच. बहर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो.

बियांपासून केलेल्या रोपांत नर व मादी यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे पडते आणि पान, खोड किंवा वाढीचा जोम पाहून रोपवाटिकेत त्यांतला फरक सांगता येत नाही. बीजापासूनचे झाड पहिल्यांदा फुलण्यास साधारण सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे बियांची रोपे लावून केलेल्या बागेतील शेतकरी सात-आठ वर्षे खतपाणी घालतो आणि त्यानंतर त्याला कळते, की यांतली निम्मी झाडे फळ देणारच नाहीत. जी मादी निघतात त्यांचीही फळे आकाराने, आंबटपणाने, सालीच्या जाडीने आणि पिकण्याच्या वेळेने एकसारखी नसतात. कोकण-गोव्यात दर दोन-चार झाडांमागे फळाचा प्रकार बदलतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे मोठे वैभव असले, तरी सलग बाग करू पाहणाऱ्याला ती जोखीमच आहे.

तरीही बियांचे काम संपलेले नाही, कारण कलमासाठी लागणारी खुंटरोपे (ज्यांवर कलम बांधतात ती रोपे) बियांपासूनच होतात. कोकमाची बी वाळवून साठवता येत नाही. ओलावा गेला की तिची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण पिकलेल्या, निरोगी फळांतून बिया काढून गर धुऊन टाकतात, सावलीत पुरते पाणी निथळू देतात आणि लगेच पेरतात. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत किंवा गादीवाफ्यावर बी फार खोल न जाईल अशी टोचली जाते. अंकुर यायला तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, उगवण एकदम न होता मागेपुढे होते, आणि या अवधीत वाफा कोरडा पडू न देणे व पाणी साचू न देणे या दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात. रोपाला पहिल्या वर्षात कडक ऊन सोसत नाही, म्हणून ते शेडनेटखाली किंवा झाडांच्या विरळ सावलीत वाढवतात. वाढ मंद असते, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे खोड मिळण्यास साधारण वर्ष ते दीड वर्ष जाते.

शाखीय अभिवृद्धीच्या, म्हणजे बियांऐवजी फांदीपासून झाड करण्याच्या, पद्धतींपैकी छाट कलम (तोडलेली फांदी मातीत लावणे) आणि गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडणे) कोकमात फारसे यशस्वी होत नाहीत, कारण मुळे फुटण्याचे प्रमाण कमी राहते. व्यवहारात टिकली ती मृदुकाष्ठ कलमाची पद्धत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकमासाठी तिचा प्रसार केला आणि आज रोपवाटिकांमध्ये मिळणारी कोकमाची कलमे बहुतांशी याच पद्धतीची असतात. भरपूर, मोठी व लवकर पिकणारी फळे देणारे मादी झाड निवडतात आणि त्यावरील कलमकाडीची (खुंटरोपावर जोडायच्या फुटव्याची) पाने, देठाचा तुकडा ठेवून, कलम करण्याच्या आठ-दहा दिवस आधी कापून टाकतात, म्हणजे डोळे फुगून फुटीला तयार होतात. खुंटरोपाचा शेंडा कोवळ्या, पण पूर्ण पोसलेल्या भागावर आडवा छाटून त्याला मधोमध तीन-चार सेंटिमीटरची उभी चीर देतात, काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तितकाच लांब पाचरीसारखा काप घेतात, पाचर चिरेत बसवून पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधतात आणि वरून छोटी प्लास्टिकची पिशवी उलटी घालून काडीभोवतीचा ओलावा टिकवतात. खुंट आणि काडी यांची जाडी सारखी नसल्यास निदान एका बाजूच्या साली तरी तंतोतंत जुळाव्या लागतात. सुरी धारदार व स्वच्छ असणे आणि काप घेतल्यापासून बांधणी होईपर्यंत चीक सुकू न देणे यांवर कलमाचे यश फार अवलंबून असते. हवेत उष्णता व आर्द्रता दोन्ही असतील अशा काळात कलमे चांगली जुळतात, तर कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत काड्या जागीच सुकतात. जोडाच्या खाली खुंटावर येणारी फूट वेळोवेळी काढावी लागते. ती राहिली तर अन्नरस तिकडे जातो आणि काही महिन्यांत कलमाऐवजी पुन्हा बीजझाडच हाती उरते.

कलमकाडी कोणत्या फांदीवरून घेतली, याला कोकमात आंब्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे, आणि नवख्या कलमकारांकडून नेमकी हीच बाब दुर्लक्षिली जाते. या झाडाच्या सोटाची वाढ सरळ वर जाणारी असते, तर बाजूच्या फांद्यांची आडवी, आणि हा स्वभाव काडी मूळ झाडापासून वेगळी केल्यावरही तिच्यात टिकून राहतो. आडव्या फांदीची काडी वापरल्यास कलम जगते, फळेही धरते, पण वर न जाता जमिनीलगत पसरते. मग मशागत आणि तोडणी अवघड होते, खालच्या फांद्या चिखलाला टेकतात आणि झाडांमधले अंतरही चुकते. म्हणून शक्यतो सोटावरच्या उभ्या फुटव्याची काडी घ्यावी. अडचण अशी, की मोठ्या झाडावर असे उभे फुटवे थोडेच मिळतात. त्यामुळे गंभीरपणे रोपवाटिका चालवणारे उत्तम जातीच्या मातृवृक्षांची स्वतंत्र बाग राखतात, तिथे सोट छाटून मुद्दाम उभे फुटवे काढवतात आणि काड्यांसाठी तेवढेच वापरतात. पसरट कलम पदरात पडलेच, तर त्याला सुरुवातीची काही वर्षे काठीचा आधार देऊन आणि खालच्या फांद्या हळूहळू कमी करून आकार द्यावा लागतो. कलम विकत घेताना जातीची चौकशी करणारे काडीच्या उगमाची चौकशी सहसा करत नाहीत. ती अवश्य केली पाहिजे.

कलमे निखळ मादी असली, तरी सगळीच बाग मादी झाडांची करून चालत नाही, कारण परागांसाठी नर झाडे लागतात. साधारण दहा टक्के नर झाडे बागेत विखरून ठेवावीत असे सुचवले जाते. भोवताली रानातली किंवा शेजाऱ्याच्या परसातली नर झाडे असतील, तर तीही उपयोगी पडतात. उलट, जुन्या बीजबागेत नर झाडे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतील, तर ती मुळापासून काढण्याऐवजी खोड छाटून येणाऱ्या धुमाऱ्यांवर मादी झाडाची कलमे बांधता येतात. तयार मुळांच्या जोरावर असे झाड नव्या रोपापेक्षा लवकर फळाला येते.

लागवडीसाठी जांभ्याची तांबडी, निचऱ्याची जमीन उत्तम, मात्र कातळाचा थर अगदी वर असेल तर झाड खुरटते. पाणी धरून ठेवणाऱ्या भातखाचरात हे झाड टिकत नाही. डोंगरउतार, ओहोळाचे काठ, वरकस जमिनीचे बांध आणि नारळ-सुपारीच्या बागांमधली अर्धवट सावलीची जागा त्याला मानवते. सलग लागवडीत दोन्ही बाजूंनी 6 मीटर अंतर ठेवतात. उन्हाळ्यात साधारण 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू देतात, नंतर माती, पालापाचोळा आणि शेणखत घालून भरतात आणि मृगाचे पाऊस स्थिरावले की कलमे लावतात. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी, बुंध्याभोवती गवताचे आच्छादन आणि पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा यांची गरज असते. पुढे कोकणच्या पावसावर झाड स्वतःचे निभावते. खताची शिफारस पहिल्या वर्षी प्रति झाड 2 किलो शेणखत, 50 ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी 25 ग्रॅम स्फुरद व पालाश अशी आहे. ती दरवर्षी त्याच प्रमाणात वाढवत दहाव्या वर्षी 20 किलो शेणखत, 500 ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी 250 ग्रॅम स्फुरद व पालाश इथपर्यंत नेतात. रोग-किडींचा उपद्रव मर्यादित असतो. दमट बागेत फांद्यांवर गुलाबी बुरशी दिसल्यास रोगट भाग कापून जाळतात. माकडांचा त्रास मात्र बऱ्याच ठिकाणी रोगापेक्षा मोठा असतो.

चांगले कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळे धरू लागते. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून एप्रिलपासून जूनपर्यंत अनेक खेपांनी तोडणी करावी लागते आणि नेमका हा काळ पावसाच्या तोंडाशी येऊन भिडतो. आमसूल करण्याची सारी रीत उन्हावर उभी आहे. साली बियांपासून वेगळ्या करून, मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून, दर वेळी वाळवाव्या लागतात. वळवाच्या सरी लवकर आल्या किंवा मोसमी पाऊस वेळेवर सुरू झाला, तर उशिरा पिकणारी फळे झाडावरच तडकतात, कुजतात किंवा खाली चिखलात सडतात आणि तोडलेल्या सालींनाही बुरशी येते. म्हणून मातृवृक्ष निवडताना लवकर पिकण्याचा गुण फळाच्या आकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाचा ठरतो. कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेल्या कोकण अमृता या जातीचे महत्त्व तिच्या बहुतेक फळांची तोडणी पावसाआधी होते यात आहे, तर त्यानंतरची कोकण हातीस ही जात मोठ्या फळांसाठी आणि भरघोस उत्पन्नासाठी ओळखली जाते. बहराच्या काळात पोटॅशियम नायट्रेट फवारून पक्वता अलीकडे आणण्याचाही उपाय केला जातो.

आमसुलाखेरीज ताज्या फळांच्या रसात मीठ घालून आगळ आणि सालीत साखर मुरवून अमृतकोकम होते. आगळापासून होणारी सोलकढी कोकण-गोव्याच्या जेवणाचा नित्याचा भाग आहे. सालीतल्या आंबटपणाचे श्रेय मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाला जाते आणि रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा असतो. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या, की वर येणारी चरबी थंड झाल्यावर घट्ट होते. तिचे हाताने वळलेले गोळे म्हणजे मुठेल, ज्याचा उपयोग भेगाळलेल्या टाचांवर पूर्वापार होत आला आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातही आता या चरबीला मागणी आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

बाजार वाढला तसा रानातल्या झाडांवरचा ताणही वाढला. फळे हाताशी यावीत म्हणून फांद्याच तोडण्याची रीत काही भागांत आहे. तिच्यामुळे पुढच्या वर्षीचा बहर जातो, शिवाय जंगलात आपोआप रुजणाऱ्या बियांचे प्रमाणही घटते. कलमांच्या प्रसाराने याच्या जोडीला आणखी एक धोका आणला आहे. एक-दोन उत्तम जातींचीच कलमे सर्वत्र लावली गेली, तर परसा-परसातले वेगळे प्रकार, त्यांत पिवळ्या फळांचे, जाड सालीचे, अगदी एप्रिलच्या सुरुवातीला पिकणारे असे सर्वच आले, जुन्या झाडांबरोबर नाहीसे होतील. असे एखादे झाड रस्त्यासाठी किंवा घरबांधणीसाठी तोडले जाणार असल्याचे कळताच त्याच्या उभ्या फुटव्यांच्या काड्या काढून दोन-चार खुंटांवर बांधून ठेवणे कोणत्याही कलमकाराला शक्य असते. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत आणि दापोलीच्या विद्यापीठात अशा निवडक झाडांचे संग्रह जतन केले आहेत.